नववा डबा

सहावा डबा एकशे सत्त्याण्णव सेंटिमीटरवर थांबला.

“लिही,” मामा म्हणाला. “मागच्या वर्षी किती होते?”

मी वहीचं मागचं पान उलटलं. “एकशे ब्याण्णव.”

“म्हणजे पाच वाढले.” त्यानं डबा उचलून उलटा केला, डोळ्यांजवळ नेला आणि एका चाकाला नखानं टिचकी मारली. चाक बराच वेळ फिरत राहिलं. “पेन्सिलीचं शिसं लागू पडलं याला. तेही लिही.”

मी दोन्ही लिहिलं.

पॅसेजमध्ये जमिनीवर तीन मीटर लांबीची फळी होती आणि तिच्यावर सरळ रूळ. फळीच्या एका टोकाला छोटा उतार, माथ्याची उंची बरोबर तीन सेंटिमीटर. डबा माथ्यावर ठेवायचा आणि बोट काढून घ्यायचं. ढकलायचं नाही. आपणहून खाली उतरून तो सपाटीवर जिथं थांबेल ते अंतर वहीत लिहायचं. अंतर जितकं जास्त, तितकी चाकं मोकळी. डबे वीतभरही नव्हते. खेळण्यातले म्हटलं की मामाला राग यायचा, म्हणून आम्ही नुसतं ‘डबे’ म्हणायचो.

आईनं मला इथं भांडी बांधायला पाठवलं होतं. “भांडी बांध, कपडे बांध आणि त्याला त्या गाडीसमोरून उठव,” असे तिचे शब्द होते. मामा तिचा मोठा भाऊ. त्याला कशासमोरूनही उठवणं तिला कधी जमलेलं नव्हतं, म्हणून ते काम तिनं माझ्याकडे सरकवलं होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मामेभाऊ गाडी घेऊन येणार होता आणि मामा त्याच्याकडे आठव्या मजल्यावर राहायला जाणार होता. भांडी दोन तासांत बांधून झाली. एका माणसाची भांडी ती कितीशी असणार! मग मी पॅसेजमध्ये येऊन बसले आणि मामानं माझ्या हातात वही दिली. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मला चार महिने झाले होते. त्या चार महिन्यांत कुणीही मला काहीही मोजायला सांगितलं नव्हतं.

मामानं तेहतीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयात चाकं दुरुस्त केली. स्ट्रेचरची, खाटांची, औषधांच्या ढकलगाड्यांची, चाकांच्या खुर्च्यांची. तळघरात त्याची खोली होती. नर्स त्याला ‘चाकवाले’ म्हणायच्या. त्याचं खरं नाव हजेरीपुस्तकाबाहेर फारसं कुणी वापरलं नसावं. दुरुस्त केलेलं रिकामं स्ट्रेचर तो तळघरातल्या बोळात एका ठरावीक जोरानं ढकलून द्यायचा आणि ते किती फरशा जातं ते मोजायचा. सतरा फरशा गेलं तरच वर पाठवायचा.

“वर झोपलेल्याला कळतं,” तो म्हणायचा. “चाक अडलं की त्याला वाटतं, आपणच जड झालोय.”

चाकं गंजानं अडतात असं लोकांना वाटतं. तसं नसतं. चाकं अडतात केसांनी आणि धाग्यांनी. जमिनीवर पडलेला केस किंवा दोरा चाकाबरोबर वर जातो, अॅक्सलला वेढे घेत बसतो आणि महिन्याभरात त्याची घट्ट दोरी होते. मामाच्या टेबलावर कात्रीपेक्षा जास्त वापरली जाणारी वस्तू म्हणजे चिमटा. रुग्णालयातल्या धाग्यांपैकी बरेचसे हिरवे असत, कारण ऑपरेशनच्या हिरव्या चादरी जिथं शिवल्या जात ती खोली तळघरातच, त्याच्या शेजारी होती. एक दिवस तो मूठभर हिरव्या धाग्यांचा गुंता घेऊन त्या खोलीत भांडायला गेला.

“तुमच्या दोऱ्यांनी माझ्या चाकांचे गळे आवळलेत,” तो म्हणाला.

मशीनवर बसलेल्या मुलीनं मान वर केली नाही. “मग चाकांना सांगा, चादरीच्या मागं लागू नका म्हणावं.”

ती मामी.

“सातवा,” मामा म्हणाला. सातवा दोनशे तीनवर थांबला. आठवा एकशे नव्वद.

“आणि हा?” मी शेवटचा डबा उचलला. गार्डचा डबा. लाल, इतरांपेक्षा आखूड, मागं छोटासा सज्जा. दोन्ही बाजूंना चाकं झाकणाऱ्या पुठ्ठ्याच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला पांढरी किनार. किनार इतकी सरळ होती की ती सुईच्या टोकानं ओढली असणार.

“त्याचं माहितीये मला. एकवीस.”

तरी मी सोडून पाहिला. डबा उताराच्या पायथ्याशी आला, वीतभर पुढं गेला आणि जणू कुणी हाक मारल्यासारखा थांबला. एकवीस. मी वही मागं मागं चाळली. गेल्या वर्षी एकवीस, त्याआधी बावीस, त्याआधी एकवीस. अंतरापुढे मामाचा कारणांचा रकाना होता. एका वर्षी लिहिलं होतं, ‘वजन कमी’. पुढच्या वर्षी, ‘वजन वाढवलं, फरक नाही’. त्यापुढे, ‘स्वभाव’. नंतरच्या वर्षांत नुसतीच रेघ.

आतल्या खोलीतलं टेबल आठ फूट बाय चार फूट होतं. त्यावर रुळांचं एक वेटोळं, त्यातून निघून डोंगरावर चढणारी एक वाट आणि डोंगराच्या माथ्यावर स्टेशन. रूळ मामाचे, डोंगर मामीचा. मुदत संपलेल्या प्लास्टरच्या पट्ट्या, ज्या हाड मोडलेल्या पायाला गुंडाळतात, त्या भिजवून तिनं तो उभा केला होता. सुरुवातीचे काही आठवडे तो पांढराच होता आणि मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “डोंगराचा पाय मोडलाय.” मग तिनं तो रंगवला.

मी चढ मोजला. अठ्ठावीस सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. खऱ्या रेल्वेला इतका चढ सहसा कुणी देणार नाही.

“मामा, चाकांवर अकरा वर्षं घालवण्यापेक्षा खाली एक पाचर ठोकून चढ कमी केला असता तर?”

“डोंगर तुझ्या मामीनं केलाय.”

“तिला सांगायचं ना.”

“सांगितलं होतं. म्हणाली, डोंगर म्हटला की चढ असायचाच. तुमची चाकंच आळशी.”

त्यावर त्यानं चाकं हाती घेतली होती. पहिल्या वर्षी त्यानं मामीच्या शिलाई मशीनचं तेल घातलं. ती चूक होती. तेलावर धूळ बसून त्याचा चिकटा झाला आणि सगळे डबे धुवावे लागले. मग प्लास्टिकची चाकं काढून धातूची बसवली. अॅक्सलचं टोक ज्या खळग्यात टेकतं तो प्रत्येक खळगा त्यानं भिंगाखाली कोरून साफ केला, एकूण बहात्तर. पेन्सिलीचं शिसं उगाळून त्याची पूड शेवयांएवढ्या बारीक नळीनं आत फुंकली. दरवर्षी अंतरं वाढत गेली. गाडी मात्र चढाच्या दोन तृतीयांशावर येऊन थांबायची, इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायची. तिथं स्टुलावर मामी बसलेली असायची. ती एका हातातलं शिवण न सोडता दुसऱ्या हाताचं बोट शेवटच्या डब्याला लावायची आणि गाडी वर जायची.

“बोट लावू नकोस गं,” टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, वेगाच्या बटणापाशी उभा असलेला मामा ओरडायचा. “बघू दे तिला जमतंय का.”

“संध्याकाळपर्यंत बघा,” मामी म्हणायची. “मला स्वयंपाक आहे.”

मामी जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. बटणापाशी उभं राहिलं की चढापर्यंत हात पोचत नाही. गाडी तेव्हापासून डोंगराच्या पायथ्याशी उभी होती.

दुपारी मामेभाऊ रिकामी खोकी आणि मोजपट्टी घेऊन आला. त्यानं टेबल आडवं मोजलं, उभं मोजलं आणि पट्टी सोडून दिली. ती सर्रकन आत गेली.

“बाबा, नाही जमत. लिफ्टचं दार नव्वद आहे.”

“जिन्यानं?”

“आठ मजले? आणि वळणावर काय करायचं?”

“तिरकं केलं तर?”

“डोंगर तिरका केल्यावर डोंगर राहील का?” मामेभाऊ खोक्यावर बसला. तो वाईट माणूस नाही. वडिलांसाठी त्यानं मुलीचा पलंग हलवून खोली रिकामी केली होती. “सुतार उद्या नऊला येईल. रूळ सोडवून देईल, डबे तुम्ही हातानं बांधा. टेबल कापावं लागेल. डोंगर... डोंगर काय, फुटणारच.”

“नऊला?”

“दहाला गाडी येतेय ना.”

मामानं घड्याळाकडे पाहिलं. “बरं,” तो म्हणाला. “मग आज नऊच्या नऊ डबे एकदा वर गेले पाहिजेत. बोट न लावता.”

“मी लावतो की बोट.”

“बोट लावून कुणीही चढवेल.”

मामेभावानं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं. जाताना त्यानं गार्डचा डबा उचलून पाहिला. “आईनं केलेल्या पायऱ्या ना या?” तो म्हणाला आणि डबा दोन्ही हातांनी परत ठेवला.

तो गेल्यावर मी हिशोब मांडला. इंजिनाला दोरा बांधून, त्याला लटकवलेली वजनं वाढवत आम्ही त्याची ओढ मोजली: चढावर पन्नास ग्रॅम, त्यापुढे चाकं घसरतात. एका डब्याचं वजन एकशे दहा ग्रॅम. पहिल्या आठ डब्यांना चढावर मिळून बेचाळीस-त्रेचाळीस ग्रॅम ओढ लागते. एकट्या गार्डच्या डब्याला साडेनऊ. बेरीज बावन्न.

“दोन ग्रॅमनं राहतंय,” मी म्हणाले. “आठ डब्यांत आता काही उरलेलं नाही. जे आहे ते नवव्यात आहे. तो बाकीच्यांसारखा झाला तर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस लागतील. आरामात जाईल.”

“माहितीये.”

“मग उघडला का नाहीस कधी?”

“उघडायचा कसा? पायऱ्या चिकटवल्यात. चाकं काढायची तर त्या तोडाव्या लागतील.” तो डब्याला हात न लावता त्याच्याकडे पाहत होता. “खालून नळीनं शिसं फुंकलं. दोनदा. तिसऱ्यांदा ती म्हणाली, अहो, त्याला एकट्याला तरी सुखानं राहू द्या.”

चार वाजले. मामानं चहा केला, दोन कप बाहेर काढून ठेवले होते त्यातच. चहा पिऊन झाल्यावर त्यानं कप धुतले, पुसले, कागदात गुंडाळून खोक्यात ठेवले आणि ब्लेड माझ्यापुढे सरकवलं.

“तू काप. माझा हात जोर लावतो.”

मी ब्लेड पायरी आणि डब्याच्या मधल्या फटीत घातलं आणि हळूहळू सरकवलं. डिंक जुना होता, चुरचुरत सुटला. डाव्या बाजूची पायरी अखंड निघाली. मी डबा उलटा करून दिव्याखाली धरला.

मागच्या अॅक्सलवर हिरवा दोरा होता.

मी पहिल्यांदा तेच समजले जे कुणीही समजलं असतं: जमिनीवरून आला असेल. पण भरकटलेला दोरा असा बसत नाही. हे सात वेढे एकमेकांना लागून, एका शेजारी एक होते. दोन्ही टोकं डब्याच्या तळाला ताणून गाठ मारून चिकटवली होती. पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत फिरत्या चाकावर दोरी ताणून आम्ही त्याची शक्ती मोजायचो. तिथंही असाच दोरीचा ब्रेक असायचा. तो आम्हाला पुस्तकातून शिकावा लागला होता.

मी डबा मामापुढे धरला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, डबा अगदी जवळ नेला.

“तेहतीस वर्षं,” तो म्हणाला, “मी लोकांच्या चाकांतून हाच काढला.”

मग आम्हा दोघांनाही तो रविवार आठवला, कारण त्या दिवशी मीही तिथं होते. तेव्हा मी शाळेत होते; आठ वर्षं झाली. स्टेशनच्या फलाटात पाच डबे मावतात, उरलेले चार मागं चढावरच राहतात. वर पोचलं की इंजिन सोडवून, बाजूच्या रुळावरून फिरवून गाडीच्या दुसऱ्या टोकाला आणायचं, म्हणजे ते गाडी खाली नेतं. त्या दिवशी मामानं कडी काढून इंजिन सोडवलं आणि गाडी मागं निघाली. आधी अगदी सावकाश. मामा म्हणाला, “अरे, बघा, किती मोकळी झालीत!” आणि तोवर ती चढावरून सुसाट खाली आली, वळणावर रूळ सोडले आणि तीन डबे टेबलावरून जमिनीवर पडले.

“घ्या,” मामी स्टुलावरून म्हणाली होती. “केलीत ना मोकळी? आता पकडा.”

मामा जमिनीवर गुडघे टेकून तुटलेल्या कड्या गोळा करत होता. तेव्हा त्याचा चेहरा कसा होता ते मला आठवत नाही. मामीला आठवत असणार. गाडी पुन्हा मागं घसरू नये म्हणून मामानं नंतर फलाटाच्या टोकाला रुळाखाली कागदाची एक घडी सरकवली. त्यानंतर गाडी एकदाही मागं आली नाही आणि सगळं श्रेय त्या घडीला मिळालं. त्याच आठवड्यात मामी म्हणाली होती की गार्डचा डबा फार उघडा-बोडका दिसतो, त्याला पायऱ्या करते. तिनं तो दोन दिवस मशीनजवळ ठेवून घेतला होता.

“काढू?” मी विचारलं.

चिमटा मामानं स्वतः उचलला. एक टोक सोडवलं, मग दुसरं आणि दोरा उलट्या दिशेनं, न तोडता, सात वेळा फिरवून काढला. ते करताना त्याचा हात अजिबात जोर लावत नव्हता. दोरा त्यानं शर्टाच्या खिशात ठेवला. खळगे साफ केले, शिशाची पूड फुंकली, चाकं बसवली. पायरी जशी होती तशी परत चिकटवून अर्धा तास वाळू दिली.

मग पॅसेजमध्ये डबा माथ्यावर ठेवला आणि बोट काढलं.

दोनशे सोळा. नऊ डब्यांतलं सगळ्यात लांबचं अंतर.

मी लिहिलं आणि कारणाच्या रकान्यावर येऊन थांबले. मी रकाना मोकळा ठेवला.

वहीतल्या अंतरांवरून आणखी एक गोष्ट निघत होती. दोरा नसता तर बाकीच्या डब्यांच्या जोरावर गाडी चार वर्षांपूर्वीच आपणहून चढली असती. म्हणजे शेवटची पावणेतीन वर्षं मामीच्या बोटाची गरज फक्त मामीच्या दोऱ्यामुळे होती. हे मी मामाला सांगितलं नाही. त्याला हिशोब येतो.

खिडकीतून ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं. मामा बटणापाशी उभा राहिला. मला त्यानं चढाजवळ उभं केलं.

“हात मागं बांध.”

मी हात मागं बांधले.

“स्टूल सरकव जरा. मधे येतंय.”

मी स्टूल सरकवलं. त्यानं बटण फिरवलं. गाडी वेटोळं पार करून चढाला लागली. एक तृतीयांश. अर्धा. जिथं ती दरवेळी थांबायची तिथं इंजिनाचा आवाज खाली गेला, चाकं एकदा घसरली, पुन्हा धरली. मामा श्वास रोखून उभा होता. मला ते टेबलापलीकडूनही दिसत होतं. मग नववा डबा, पांढऱ्या किनारीच्या पायऱ्यांसकट, माझ्या हातांच्या समोरून वर गेला. पाच डबे फलाटात आले, चार मागं चढावर राहिले. मामानं बटण बंद केलं.

“गेली,” मी म्हणाले.

“गेली,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, “संध्याकाळच्या आत.”

टेबलाला वळसा घालून तो डोंगरापाशी आला आणि वाकून इंजिनाची कडी काढली. तेवढ्यात गाडी मागं निघाली. कागदाची घडी अजून तिथंच होती; तिचा काही उपयोग नव्हता, आणि कधीच नव्हता. मामानं वळून हात खाली नेला आणि गाडी थांबली.

“मी इंजिन फिरवून आणते,” मी म्हणाले आणि बटणापाशी गेले. “सावकाश आणू का?”

“थांब जरा.”

“मामा, गाडीला धरून ठेवायला तीन ग्रॅम पुरेत. एक पोस्टकार्ड आडवं लावलंस तरी चालेल.”

“बरं,” तो म्हणाला, आणि हलला नाही.

मी बटणावर बोट ठेवून थांबले. इंजिन डोंगराच्या माथ्यावर एकटं उभं होतं. मी सरकवलेलं स्टूल मामानं पायानं जवळ ओढलं आणि तो त्यावर बसला. हात त्यानं काढला नव्हता. तीन ग्रॅमसाठी करंगळीही पुष्कळ होती. त्यानं लाल डब्याच्या मागं पूर्ण पंजा लावला होता.